चांगल्या पायाची पट्टी

लातूरच्या आमच्या कॉलेजचा खो-खोचा संघ सामन्यासाठी नांदेडला गेला होता. मैदानात उतरायच्या आधीच माझा श्वास अडकला, हातांना मुंग्या आल्या, डोळ्यांपुढं अंधारी आली. मी खेळाच्या सरांना म्हणाले, "सर, लई भीती वाटायलीय. मला जमणार न्हाई."

"भीती-बिती काही नसतं. लोक काय म्हणतील?" असं म्हणून त्यांनी माझ्या धडधाकट घोट्याला पट्टी गुंडाळली. "कुणी विचारलं तर पाय मुरगळला म्हण."

मीही मूर्खासारखी लंगडत जाऊन बाकावर बसले. मग सगळ्यांनाच माझी काळजी! घरी आईनं चार दिवस त्या चांगल्या पायाला हळदीचा लेप लावला, अन् मी गुमान लावून घेतला. त्याचा संताप अजून जात नाही. छाती फुटायची वेळ आली होती तेव्हा एकानंही साधं पाणी विचारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सरावाला गेले. ज्यांनी पट्टी बांधली त्या सरांनीच विचारलं, "पाय कसा हाय आता?"

"सर, पायाला काही झालंच नव्हतं."

"मग झालं तर," ते म्हणाले. "उतर मैदानात."