घाटातली चुन्याची बोटं

महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. मी बुलढाण्याच्या शाळेत मास्तर होतो, तिथे उकंडराव नावाचा हंगामी शिपाई होता. घाटाच्या पायथ्याच्या गावात म्हाताऱ्या आईपाशी राहायचा. माणूस सरळ, पण हट्टी असा की माझं डोकंच फिरायचं.

फेब्रुवारी संपता संपता हेडमास्तरांनी त्याला बजावलं, "एक एप्रिलपासून शाळा सकाळची. सातला टोल पडले पाहिजेत. वेळेत आलास तर कायम करतो, नाहीतर दुसरा माणूस बघतो."

आता पहिली एसटी यायची साडेआठला. घाटात बिबट्या, म्हणून उजाडल्याशिवाय आत शिरायची कोणाची छाती नव्हती. उजाडल्यावर पायी निघालं तर सव्वासात ठरलेलेच. उरली मामाची जुनी सायकल. पण घाट बसून चढायला हवा, ढकलत नेली तर पायी जाण्याइतकाच वेळ!

पहिल्या दिवशी गडी दुसऱ्याच वळणावर धापा टाकत उतरला. मला सांगितलं तेव्हा मी हसलो, खोटं कशाला बोलू? पण त्याने काय केलं होतं, तर तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन कठड्याच्या दगडाला फासला होता.

"उद्या त्याच्या फुडच्या दगडापर्यंत, सर."

मी सकाळी घाटात फिरायला जायचो, तेव्हा ती पांढरी बोटं बघायचो. रोज एक-दोन दगड वर. त्याच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या, आईच्या हातच्या ज्वारीच्या भाकरी तिनाच्या पाच झाल्या. मीही हसायचं सोडलं.

आणि मग घोडं अडलं. देवीच्या ठाण्याजवळच्या एकाच दगडावर सहा बोटं! एप्रिल आठवड्यावर आलेला. मी तिथेच त्याला गाठलं. हा बाबा सायकलवरून उतरला, चपला काढल्या, हात जोडले. मग पुन्हा बसायला गेला, तर ऐन चढावर चाक हलेना. निघाला ढकलत.

"अरे शहाण्या, उतरतोस काऊन?"

"घाटातली माय हाय सर. तिच्यासमोरून बसून जाऊ?"

मी जाम चिडलो. वाट्टेल ते बोललो. तो मान खाली घालून ऐकत राहिला, पण ऐकलं काही नाही.

शेवटी रविवारी मीच खाली जाऊन त्याच्या आईला, तानाबाईंना, सगळं सांगितलं. म्हातारीचे गुडघे गेलेले. तरी तिने बैलगाडी जुंपायला लावली, नारळ घेतला आणि ठाण्यापुढे येऊन बसली.

"माय, माह्या लेकाचा नमस्कार मी घेऊन आली. उद्यापासून तो उतरनार नाही. वर पोचला की तिथूनच करन. राग नको धरू."

गाडी हाकत आलेला उकंडराव सरळ रडला.

एक एप्रिलला हेडमास्तर हातात घड्याळ घेऊन व्हरांड्यात उभे. मी फाटकात. सातला दोन मिनिटं कमी असताना सायकल आत आली. घामाने सदरा अंगाला चिकटलेला. कोणाकडे न बघता त्याने हातोडी उचलली आणि टांगलेल्या लोखंडावर मारायला लागला. मी मोजत होतो. पाच, सहा, सात. जरा थांबून, आठ.

"सातच वाजलेत रे!" हेडमास्तर ओरडले.

उकंडराव घाटाकडे तोंड करून उभा होता. हातोडी खाली ठेवून त्याने हात जोडले.

"शेवटचा मायचा होता, सर."

हेडमास्तरांनी घड्याळ खिशात टाकलं. पुढे सकाळच्या शाळेला आमच्याकडे आठच टोल पडायचे.