सिलोनला विचारलेला एक प्रश्न

एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात, अकोले तालुक्यातल्या एका टेकडीवरून, दिवस मावळताना एका मुलीने सिलोनशी संपर्क साधला. मी तिथे होतो. तिचे नाव मी विचारले नाही.

ती नगरच्या कॉलेजात शिकत होती. हौशी रेडिओचा परवाना नुकताच हाती आला होता आणि संच तिने स्वतः जोडला होता. वडिलांनी ट्रॅक्टरची बॅटरी डोक्यावरून वर आणून दोन बांबूंमध्ये एरियलची तार ताणून दिली होती. दुपारपासून ती तारयंत्रासारखी कळ दाबून, कट्ट-कडकट्ट अशा मोर्सच्या खुणांनी हाका घालत होती. कळ दाबताना डोळे मिटून घेई. खालच्या वस्तीतला चुलीचा धूर हळूहळू आमच्यापर्यंत चढत होता.

"आपली म्हैस तरी हाकेला ओ देती," वडील म्हणाले.

"थांबा आबा!" तिने हेडफोन कानाशी घट्ट धरले. "सिलोन हाय!"

बॅटरी उतरत आली होती. आता एकच प्रश्न जाईल, असे ती म्हणाली. आपला संच तिकडे कसा ऐकू येतो, हे तिला विचारायचे होते.

"पाऊस हाय का म्हनावं तिकडं?" वडिलांनी विचारले. त्या वर्षी आमच्याकडे पावसाने ओढ दिली होती.

ती त्यांच्याकडे पाहून हसली आणि कळ दाबू लागली. थोड्या वेळाने उत्तर आले.

"लई पडतोय, आबा."

वडिलांनी कोरड्या आभाळाखाली तळहात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. संचातला दिवा विझला. तिचा स्वतःचा प्रश्न विचारायचा राहिला होता.