राहूच्या गुऱ्हाळावरचा पुढचा फोटो

शिरूरच्या यशवंतमामांचं नाव आधी लिहितो. भांडगावहून शिकायला आलो तेव्हा त्यांनी आपल्या फोटो स्टुडिओत काम दिलं, म्हणून आमच्या घरात पहिली पदवी आली. मामांची एक रीत होती: फोटो आधी ज्याचा त्याला दाखवायचा, त्यानं ‘लावा’ म्हटलं तरच काचेत लावायचा. पुढे पुण्यात आम्ही चौघांनी, कुठल्याही वर्तमानपत्राला बांधून न घेता, बातमीचे फोटो काढणारी एजन्सी सुरू केली. मामांची रीत हाच आमचा पहिला नियम ठरला.

आता पहिलं प्रदर्शन तोंडावर होतं. फोटो ज्यांचे त्यांना दाखवायला पिशवीत घालून मोटारसायकलवर निघालो.

सणसवाडीत बिहारचा रामप्रवेश खोलीच्या दारात स्वतःचा फोटो बघतच राहिला. “भैया, हम तो हीरो लगते हैं!”

“हीरो, आधी पाण्याची मोटर बंद कर!” घरमालकीण आतून ओरडली.

शिरूरला मामांच्या स्टुडिओत आता मोबाइलचं दुकान आहे. मामा लेकीकडे सोलापूरला असतात. स्टँडबाहेर मिसळ खाल्ली. न्हावऱ्यापुढे चाक पंक्चर झालं, त्यात दुपार गेली. भीमेचा पूल ओलांडला आणि पारगावपासूनच उकळत्या रसाचा वास यायला लागला.

राहूला सुनंदाताई काहिलीपाशी (रस आटवायची मोठी कढई) उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आलेला फोटो आम्ही पोस्टरसाठी निवडला होता. मथळा होता, ‘कष्टाचे अश्रू’. पोस्टर संध्याकाळीच छापायला जायचं होतं.

“आता गं बया! मी रडतीया व्हय?”

“ताई, सगळ्यांना फार आवडलाय.”

“आवडंल की! आवो, चुलाणात (गुऱ्हाळाची भट्टी) ओली चिपाडं पडली हुती, धूर गेला डोळ्यात. औंदा गुऱ्हाळ मी चालवाय घेतलंय. मालकीणच रडती म्हणल्यावर गूळ कोण घेईल? ह्यो न्हाई लावायचा.”

मी कॅमेरा काढला. कॅमेऱ्यात त्या दिवसाचे बाकीचे फोटो दाखवत गेलो. अगदी पुढच्याच फोटोत ताई पदरानं डोळे पुसत खळखळून हसत होत्या.

“ह्यो लावा.”

“माझ्यामुळं हसली ती,” ताईंच्या सासूबाई पुढे आल्या. “चिपाडं टाकणाऱ्याला शिव्या मी घातल्या. माझं बी नाव लिवा!”

आमच्या चौघांतल्या मीनलला फोन करून फोटो बदलल्याचं सांगितलं.

“अरे, आणि मथळा?”

“ताई सांगतायत. ‘सुनंदा, गुऱ्हाळ मालकीण, राहू.’”

“बरोबर आहे. पाठव.”

गरम गुळाचा खडा चघळत मी पुण्याला परतलो. पोस्टर छापून आल्यावर पत्र लिहिलं:

“मामा, सविनय जयभीम. आम्ही चौघं शिकलेसवरलेले, धुराला दुःख समजून बसलो होतो. तुमची रीत नसती, तर तेच भिंतींवर लागलं असतं. सोबत पोस्टर पाठवतोय. पहिली प्रत राहूला देऊन आलो. ताईंनी ती गुऱ्हाळाच्या दारावर लावली, म्हणून ही दुसरी तुम्हाला.”