तिसऱ्या रांगेतलं तोंड

कोरेगावाकडच्या एका म्हाताऱ्यानं मला साताऱ्याच्या भर बाजारात लबाड म्हटलं. त्यानंतर त्या भागातली गिऱ्हाइकं माझ्या स्टुडिओची पायरी चढेनात. इतकी वर्षं झाली तरी तो शब्द मी विसरलेलो नाही. म्हणून झालं ते एकदा लिहून ठेवतो.

धंदा मी सांगलीत शिकलो, एका फोटोग्राफरच्या काचा धूत आणि पडदे गुंडाळत. त्यानं समोर बसवून काही शिकवलं नाही. जे आलं ते चोरून बघून उचललं. साताऱ्यात दुकान मांडलं तेव्हा माझ्याजवळ एक जुना कॅमेरा, राजवाड्याचा जिना रंगवलेला पडदा आणि एक ट्रंक होती. ट्रंकेत काळा कोट, जरीचा फेटा, बंद पडलेलं घड्याळ आणि एक जाड इंग्रजी पुस्तक. येणारा त्यातून आपल्याला हवा तो माणूस निवडायचा. अक्षरओळख नसलेला गडी पुस्तक उघडून ऐटीत बसायचा. वाईची एक शिकलेली मुलगी मात्र पुस्तकाला हातही लावीना, तिला घड्याळ हवं होतं. मी कुणाला हसलो नाही. आपण कसं दिसावं ते गिऱ्हाइकानं सांगावं, मी तसं काढावं.

लढाई सुरू झाल्यावर गावोगावची पोरं पलटणीत गेली. जाताना फोटो काढून गेलेल्यांचं ठीक होतं. बाकीच्यांच्या घरचे मागाहून येत.

कोरेगावाकडचा तो म्हातारा तसाच आला, बरोबर विधवा सून. मुलगा ब्रह्मदेशाकडे पडल्याची तार आली होती. घरात त्याचा एकच फोटो होता, पलटणीचा. चार रांगा, सारख्या टोप्या, सारख्या मिशा, एकेक तोंड हरभऱ्याएवढं. त्यातलं मुलाचं तोंड वेगळं काढून भिंतीवर लावण्याएवढं मोठं करायचं होतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू. फोटो नाकाला टेकवून त्यानं तिसऱ्या रांगेत बोट ठेवलं.

"ह्यो. ह्यो माझा ल्योक."

सून दाराशी पदर पुढे ओढून उभी होती. सासऱ्यासमोर बोलायची त्यांच्यात रीत नव्हती. पण नवरा कुठल्या रांगेत उभा आहे ते तिला पाठ असणार. बोट टेकलं तशी तिनं मान वर केली, अर्धं पाऊल पुढं आली आणि थांबली. मी ते पाहिलं. विचारायला हवं होतं. पण भावाची ओढाताण होऊन सौदा नुकताच जुळला होता, आणि त्यात मोडता घालणारं आणखी कुणी मला नको होतं.

एवढंसं तोंड मोठं केलं की धुकं होतं. डोळे मी पेन्सिलीनं भरले, मिशी ब्रशनं उठवली, हनुवटीला जरा धार दिली. काम नामी झालं होतं.

फोटो भिंतीवर लागला आणि भावकी म्हणाली, हा आपला नव्हेच. पुढच्या बाजाराच्या दिवशी म्हातारा माझ्या दारात उभा राहून ओरडू लागला, "फोटूवाल्यानं तोंड बदललं! लबाड हाय ह्यो!"

माणसं जमली. मीही रस्त्यावर उतरलो. "आवं बाबा, बोट कुनी ठिवलं? सोताचा ल्योक वळखाय येत न्हाई आन् मला लबाड म्हनता?"

कुणीतरी फिदीफिदी हसलं. म्हातारा काठी टेकत निघून गेला. त्या क्षणी मला फार बरं वाटलं होतं.

पंधरवड्यानं सून एकटीच आली. पदराखाली पलटणीचा फोटो. तिनं तो टेबलावर ठेवला आणि शेवटच्या रांगेत, कडेला, बोट ठेवलं. तिथला जवान बाकीच्यांसारखा ताठ नव्हता; काहीतरी चेष्टा ऐकल्यासारखा गालात हसत होता.

"दादा, हे हायती. ह्यांचा करून द्या."

"आधी सासऱ्याला घिऊन या. चूक त्यांची व्हती म्हनून हितं चार मानसांत सांगू द्या."

"त्यास्नी आनता आलं असतं तर मी चोरून आले असते व्हय?"

मी नकाराची मान हलवली. ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "ज्याला आमी रोज हार घालतुया, त्यो जिता असंल, दादा. त्याची बी कुनी वाट बघत असंल."

"ते तुमी घरात सांगा," मी म्हणालो. तिनं फोटो उचलला, पदरानं पुसला आणि ती गेली.

राग उतरायला मला महिना लागला. मग एक दिवस कॅमेरा घेऊन सर्व्हिस मोटारीनं त्यांच्या गावी गेलो. म्हातारा सोप्यात बसला होता, आत जातं चालू होतं. मागच्या भिंतीवर माझं काम, ताज्या झेंडूच्या माळेत. त्यानं मला बस म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही.

मी म्हणालो, "फोटो नव्यानं करून देतो. तुमी काय बी द्यायचं न्हाई."

"कशाला? हाय की फोटू. माझाच ल्योक हाय त्यो." आणि आतल्या दाराकडे तोंड करून तो मोठ्यानं म्हणाला, "व्हय का न्हाई गं?"

आतलं जातं थांबलं.

"व्हय," ती म्हणाली, आणि जातं पुन्हा सुरू झालं.