सर मध्येच गोठायचे तेव्हा

तोरणमाळचा घाट सुरू होण्याआधी, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची मुलींची आश्रमशाळा आहे. मी तिथे गणित शिकवते, आणि संगणकाची खोलीही माझ्याकडेच आहे. त्या वर्षी विज्ञानाच्या शिक्षकांची बदली झाली आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. दहावीचा वर्ग तसाच बसून राहिला. शेवटी नाशिकच्या एका निवृत्त सरांनी रोज एक तास इंटरनेटवरून शिकवायचं कबूल केलं. शाळेपर्यंत केबल नुकतीच पोचली होती. एका कॉलेजने दिलेले जुने संगणक होते. त्यांच्यावर विंडोज धापा टाकायचं, म्हणून मी सगळ्यांवर लिनक्स घातलं होतं आणि त्याचा मला जरा तोराही होता.

पहिल्या दिवशी सर पडद्यावर आले. "पोरींनो, आवाज येतोय ना?" मुली एका सुरात ओरडल्या, "हो सर!" सरांनी फळ्यावर भिंग काढलं, प्रकाशाचा किरण भिंगापर्यंत आणला आणि तिथेच गोठले. तोंड उघडं, खडूचा हात हवेत. मुली खो खो हसल्या. मी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. सर हलले, थोडं बोलले, पुन्हा गोठले. आठवडाभर हेच चाललं. मग मुली हसेनाशा झाल्या. एकीने पुस्तक मिटलं आणि विचारलं, "मॅडम, आम्हाला सर अर्धेच मिळणार का?"

मी शहाद्याहून नवी केबल आणली. घरचा राउटर लावून पाहिला. शेवटी माझा लॅपटॉप त्याच केबलला जोडला, तर सर तासभर न अडखळता बोलले. पण वर्गाचा मोठा पडदा त्या जुन्या संगणकांनाच जोडता यायचा, लॅपटॉपच्या एवढ्याशा पडद्यावर सगळा वर्ग काय बघणार? एवढं मात्र कळलं की दोष त्या संगणकांतच आहे. सगळे एकाच बनावटीचे, म्हणून सगळ्यांना एकच दुखणं. मुख्याध्यापक म्हणाले, "फुकटचं सॉफ्टवेअर ते मॅडम. जुनं होतं तेच परत टाका."

"दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वेळ द्या सर," मी म्हटलं. त्यांनी दिला, पण मान हलवतच.

लिनक्स आपल्याला काय काय झालं ते आतल्या आत लिहून ठेवतं. सर गोठले त्या क्षणी काय लिहिलंय ते मी वाचलं. नेटवर्क कार्डाकडे सोपवलेली माहिती तशीच अडकून पडली होती; कार्ड हूं की चूं करत नव्हतं. या कार्डाला चालवणारा ड्रायव्हर नावाचा जो प्रोग्रॅम, तो लिहिणारी माणसं जगभर विखुरलेली आहेत आणि त्यांची चर्चा कोणालाही वाचता येते. मी तिथे मेल लिहिला. माझं इंग्रजी पाहून लोक हसतील या भीतीने कितीदा तरी तो खोडला, आणि एका दुपारी डोळे मिटून पाठवून दिला.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. लिहिणारा कुठल्या देशाचा, ते मला आजही ठाऊक नाही. "असं कार्ड माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे," त्याने लिहिलं होतं. "क्षणभर काम नसलं की वीज वाचवायला ते डुलकी घेतं. तुमच्या कार्डाला त्यातून जाग येत नसावी असा माझा संशय आहे. मी बदल करून पाठवतो. तुम्ही तपासून सांगाल का?"

सांगाल का! आजवर मी बाहेरून सूचनाच घेतल्या होत्या. माझ्याकडून कोणी असं काही मागितलं नव्हतं.

त्यासाठी तो बदल घालून लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, स्वतः बांधावा लागणार होता, आणि ते काम मी कधी केलेलं नव्हतं. रविवारी शाळेत जायला निघाले, तर सासरे म्हणाले, मी सोडतो. आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यांची सगळी नोकरी एसटीचं स्टिअरिंग धरण्यात गेली. वाटेत त्यांनी विचारलं, "काय बिघडेल शे?"

"ड्रायव्हर, आबा."

त्यांनी मोटारसायकलच हळू केली. मी सगळं समजावून सांगितल्यावर म्हणाले, "म्हंजे गाडी झोपी जास आनि ड्रायव्हरले पत्ताच नही!" आणि पुढचा सगळा रस्ता एकटेच हसत राहिले.

संगणक घरघरत काम करत होता. मध्येच वीज गेली, परत आली, मी पुन्हा सुरू केलं. दुपारी नवा गाभा घेऊन संगणक उठला. मी एक लांबलचक व्हिडिओ लावला, आबांना समोर बसवलं आणि पाणी प्यायला बाहेर आले. घोट घशाखाली उतरतोय तोच आतून आवाज आला, "थांबनं! थांबनं!"

व्हिडिओ पुन्हा थांबला होता. मला रडूच आलं. आबा बाहेर आले. म्हणाले, "त्या मानूसले सांग ना. तो वाट देखत व्हई."

मी कळवलं. त्याने आणखी काही आकडे मागितले, मी पाठवले. मग त्याने लिहिलं, "चूक माझी. चुकीच्या जागी बदल केला." सोबत नवा बदल होता, जेमतेम दोन-चार ओळींचा.

या वेळी मी कोणाला काही बोलले नाही. नव्या गाभ्यावर संगणक सुरू केला आणि सरळ विज्ञानाचा तास लावला. किरण भिंगात शिरला, वाकला, पलीकडे बाहेर पडला. कोणी हालत नव्हतं. पोरींनी जणू श्वासच रोखून धरले होते. सरांनी आकृती पूर्ण केली, खडू ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, "काही शंका?"

शंका विचारायची वेळ आजवर कधी आलीच नव्हती. मग पुस्तक मिटणारी तीच मुलगी उभी राहिली. "सर, किरण वाकतो, ते त्याला कोण सांगतं?"

सर कॅमेऱ्याकडे बघत तसेच राहिले. मला वाटलं, पुन्हा गोठले की काय! पण ते हसत होते. म्हणाले, "बस. हे सांगायला उद्याचा अख्खा तास लागेल."

तो बदल लिनक्सच्या पुढच्या आवृत्तीत सगळ्या जगासाठी गेला. त्याच्याखाली, तपासणारी व्यक्ती म्हणून, माझं नाव आहे. मुख्याध्यापकांनी ते पडद्यावर बोट ठेवून वाचलं आणि सगळ्या संगणकांवर लिनक्सच राहू द्या म्हणाले. पुढे कधीतरी नेहमीच्या अपडेटबरोबर ती आवृत्ती आमच्या खोलीतही आली. मी हाताने बांधलेला गाभा काढून टाकला. आता तासाला मला काहीच काम नसतं. मी शेवटच्या बाकावर बसते आणि मुलींबरोबर भिंगाच्या आकृत्या काढते. माझे किरण अजून जरा तिरकेच जातात.