धुऱ्यावर बसलेल्या

मी गाव सोडलं त्या सकाळी आई मला निरोप द्यायला उठली नाही. कपाशीचा पहिला वेचा होता. वेचणाऱ्या साऱ्या बाया धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून होत्या. वेचलेला कापूस ज्यात टाकायचा ती ओटी अजून कोणी कमरेला बांधली नव्हती. ते फडकं उघडंच डोक्यावर घेऊन बसायचं, ही आमच्या गावची रीत. पाटलाशी बोलणं ठरलं की साऱ्या एकदम उठणार आणि एकदम ओट्या बांधणार. तोवर कोणी उठायचं नाही, कारण एक उठली की पाटील समजायचा, या फुटल्या.

त्या वर्षी गंगाबुढीवरून अडलं होतं. तिचा हात मंद झालेला, म्हणून पाटलाला ती नको होती. बाकीच्यांचा वाटा वाढवून द्यायला तो तयार होता. सगळ्यांच्या वतीने बोलायची ती आई. तिचं म्हणणं एवढंच, की कापूस स्वच्छ देऊ, पाला येऊ देणार नाही, पण शेतात जाऊ तर साऱ्या जाऊ. आमची बैलगाडी धुऱ्याशी थांबली. मी उतरून पाया पडले. आईने बसल्या बसल्याच माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि घडी घालून आणलेली माझी ओटी माझ्या हातात दिली. "मी उठली त साऱ्या उठतीन, माय," ती म्हणाली. "तू जाय."

कारंज्याची छोटी आगगाडी चुकेल म्हणून माझे धनी घाई करत होते. वळणावरून मी मागे पाहिलं, तर साऱ्या उभ्या राहून ओट्या बांधत होत्या. त्यात वाकलेली गंगाबुढीही होती. जरा आधी ठरलं असतं तर आई गाडीपर्यंत आली असती. याचं मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

शेलूबाजारच्या माझ्या बायांनो, तुम्ही निरोप पाठवून विचारता, नागपुरात काय ठेवलंय. नागपुरात आपलाच कापूस ठेवलाय, पण तो ओळखू येत नाही. धनी गिरणीत मागावर होते, मी रिळाच्या खात्यात लागले. भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर. तिकडे दिवस कुठवर आला ते सावली पाहून कळायचं. इथे खिडक्या इतक्या वर की सावलीच पडत नाही. सूत तुटलं की सांधायचं, परत तुटलं की परत सांधायचं. नाकात कापसाची बुकणी. पहिल्या वर्षी मी इतकी दमायचे की भाकर हातात धरून झोपायचे.

पण खरा जीव जायचा तो लेकरांवरून. वेचणीला आपण बाभळीला झोळी बांधायचो, रडलं की पाजायचो. इथे तान्ह्याला अफूची बाळगोळी देऊन खोलीत निजवायचं आणि संध्याकाळी जिवंत दिसलं की देवाला हात जोडायचे. माझ्या मुलालाही मी ती गोळी दिली आहे. माझ्या शेजारच्या रिळावर अनसूया होती, दारव्ह्याकडची. तिने गोळी द्यायची नाही असं ठरवलं. ती दुपारी फाटकातून हळूच निसटायची, पाजून परत यायची. एक दिवस धरली गेली आणि तिथल्या तिथे कामावरून काढली.

आम्ही काय केलं? एकेकटीने जाऊन खात्याच्या साहेबाच्या पाया पडलो. जी जाईल ती अनसूयेचं थोडं बोलायची आणि मग आपलं गाऱ्हाणं पुढे करायची. साहेब मोठा गोड माणूस. कोणाला चांगला साचा, म्हणजे कमी अडणारं यंत्र, देतो म्हणाला, कोणाच्या भावाला कामावर घेतो म्हणाला. सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसली आणि अनसूया राहिली बाहेरच. तेव्हा मला आईचं बोलणं आठवलं. ती म्हणायची, "एकटीनं मांगलं त ते मांगनंच राह्यते. साऱ्यायनं मांगलं म्हनजे ठरवनं होते."

मी बायांना धुऱ्याची गोष्ट सांगितली. त्यातल्या निम्म्या वऱ्हाडातल्याच, त्यांना सांगावीही लागली नाही. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि आम्ही फाटकाबाहेर भिंतीला लागून बसलो, डोक्यावर पदर, कोणी ओटी आणलेली. साहेबाने एकेकीला आत बोलावलं. एकही उठली नाही. मग तो म्हणाला, तुमच्यातली एक पाठवा. आम्ही तिघी गेलो, आणि बोलायचं माझ्यावर आलं.

मागणं दोनच होतं. दुपारी लेकराला पाजायला सोडावं आणि अनसूयेला परत घ्यावं. साहेब म्हणाला, रिळं बंद पडतील. हे त्याचंही खरं होतं. आम्ही बाहेर येऊन साऱ्यांना विचारलं, परत आत गेलो आणि सांगितलं, की आळीपाळीने जाऊ, जी जाईल तिचं रीळ शेजारीण सांभाळेल, सूत कमी पडणार नाही. आपणही काही द्यावं लागतं, आणि दिलेला शब्द मग एकीलाही मोडता येत नाही. असे बरेच दिवस गेले. चुली थंड, लेकरं किरकिरी, घरोघरी नवऱ्यांची बोलणी. धनी नुसते बाहेर जाऊन बसायचे.

शेवटी साहेबाने दोन्ही मान्य केलं. आणि वर एक घातलं. जिने बायांना बसवलं ती परत नको.

बाया म्हणाल्या, बसून राहू. अनसूया तर मला धरून रडली. पण मी त्यांची तोंडं पाहत होते. काहींना नीट उभंही राहवत नव्हतं. ज्याच्यासाठी बसलो ते हातात आलं होतं. मीच म्हणाले, "बांधा ओट्या." त्या गेल्या. वळून वळून बघत गेल्या, पण गेल्या. मला त्यांचा राग आला. मीच पाठवलं होतं तरी आला, खोटं कशाला सांगू?

तेव्हापासून मी फाटकासमोरच्या लिंबाखाली त्यांची तान्ही सांभाळते. दुपारी त्या आळीपाळीने येतात, पाजतात, घाईने परत जातात. गोळी आता आमच्या चाळीत कोणी आणत नाही. त्या मला धान्य देतात, लुगडं देतात. कमी काही नाही. नुसता थकवा आहे, झोपेने न जाणारा.

आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा मी गावी आले. आपलं घर होतं तसंच होतं, पण पाण्याला कुठल्या वाटेने जायचं ते मला विचारावं लागलं. आईला सारं सांगितलं. एक बाई बाहेर ठेवून बाकीच्या आत गेल्या, हे तिला सांगायची मला लाज वाटत होती. धुऱ्यावर तिने असं कधी होऊ दिलं नव्हतं.

"तू बाहीर हायेस ना अजून?" तिने विचारलं. मी हो म्हणाले.

"मंग ठरलं नाही अजून," आई म्हणाली. "बसून राहाय."

मी नागपूरला येऊन हे अनसूयेला सांगितलं. आता बायांच्या वतीने आत बोलायला तीच जाते. दर खेपेला मागण्यांत पहिलं नाव माझं असतं, दर खेपेला साहेब ते खोडतो, आणि पुढच्या खेपेला ती ते परत सांगते. घर कोणतं असं आता कोणी विचारलं तर मला गावही सांगता येत नाही आणि ही खोलीही नाही. मी लिंबाखाली बसते. मांडीवर कोणाचं तरी लेकरू असतं, आणि आईने दिलेली ओटी डोक्यावर, उघडीच.