झोपेची चिठ्ठी

नागपूरच्या आमच्या वसाहतीत कचरा वेचणाऱ्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. पिशवी सोडण्याआधी ती बाहेरून बोटांनी हळूच चाचपायची, आत फुटकी काच असेल म्हणून. सगळा वेळ पुटपुटायची. कोणी हटकलं की म्हणायची, "कुत्र्यासंगं बोलून राहिली. तुमाले काहून त्रास?"

एका सकाळी ती माझ्या ओट्याशी आली.

"बाबूजी, मले झोप नाही येत. कानात लोकं शिव्या देऊन राहिले. तुमच्या डॉक्टरले चिठ्ठी लिहून द्या ना."

"माझा कुठला डॉक्टर?"

"झोपेच्या गोळ्यांची पाकिटं तुमच्याच पिशवीत निघतात. आमी ओळखतो. कोणाले सांगत नाही."

बायको गेल्यापासून मी त्या गोळ्या घेत होतो आणि घरातही ते कोणाला ठाऊक नव्हतं. मला तिची दया यायला हवी होती, पण राग आला. मी तिथेच कागद घेतला आणि वसाहतीच्या समितीला अर्ज लिहू लागलो : ही बाई वेडी आहे, तिला आवाज ऐकू येतात, तिला आत सोडू नये.

तिला वाचता येत नव्हतं. "मी रातभर रडते, तेबी लिहा," ती म्हणाली.

मी तेही लिहिलं. "मीच पोचवतो," असंही म्हणालो.

आठवड्याभरात चौकीदाराने तिला फाटकावर अडवलं. मला पाहताच तिने गजांमधून विचारलं, "बाबूजी, डॉक्टर काय म्हणले?"